अकरा करंजांची वाट

तवा कोण कोण व्हतं ते आधी सांगते, म्हंजी पुढं घोटाळा नको. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. आई. दादांची थोरली बहीण, म्हंजी माझी आत्या, नवरा वारल्यावर आमच्याकडंच राहायला आलेली. मी, हौसा, वय चौदा. गोठ्यात मैना आन् चंद्री या दोन म्हशी, आन् मैनेचं रेडकू. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला वनखात्याचे गार्डमामा. कोथरूडच्या बंगल्यातल्या एक काकू. आन् एकच दिवस आलेले रेंजर साहेब. एवढंच. यातलं आता माझ्याशिवाय कुणी राहिलेलं न्हाई. आजी वाढवून सांगतीय असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू द्यावं, खोटं पाडायला कुणी उरलं न्हाई.

मी तिसरीपर्यंत शिकले. अक्षर मोठं येतं, ओळीत मावत न्हाई. नातीच्या जुन्या वहीची कोरी पानं हायेत त्यावर लिहितीय. नात माझी सायली, खराडीला कंपनीत जाते. तिच्यामुळंच हे लिहायला बसले, ते शेवटी येईल.

आमचं गाव डोंगराच्या अलीकडं आन् कोथरूड पलीकडं. आता दोन्हीकडं सारख्याच इमारती, पण तवा आमच्याकडं ज्वारी आन् हुलगे व्हायचे आन् कोथरूडात नवेनवे बंगले उठत व्हते. बंगल्यातल्या लोकांना दूध लागायचं, आन् आमच्याकडं दूध सोडून दुसरं काही न्हवतं. दादांचा रतीब व्हता. पहाटं आई धार काढायची. चरवीत पहिली धार पडली की टण्ण वाजायचं, मग दूध वर येईल तसा आवाज जाड होत जायचा, आन् त्या आवाजावरूनच आत्या चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायची, "आज चंद्री चोरतीय गं." रोज बरोबर निघायचं. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं. दादा ते वाटीभर पिऊन, दोन कॅन सायकलीला दोन्हीकडं अडकवून, डोंगरावर सायकल ढकलत जायचे आन् पलीकडं उतरायचे. रस्त्यानं गेलं तर लई लांब पडायचं. डोंगरावरनं गेलं की बंगल्यातल्या चहाला दूध पोचायचं. रतीब म्हंजी तेच. चहाच्या आधी दूध पोचलं तर रतीब, न्हाईतर माणसं दुसरा गवळी बघतात.

दिवाळी झाली आन् एका सकाळी गोठ्यात शेणावरनं मैना घसरली ती दादांच्या पायावरच. नडगी मोडली. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आन् सांगितलं, शिमगा होईस्तवर बाजेवरनं उठायचं न्हाई. वैद्य गेल्यावर दादा फक्त एवढंच बोलले, "उद्याचं दूध कोण नेणार?"

पहिले दोन दिवस आईनं डोक्यावर कॅन घेऊन नेलं. ती पोचली तवा बंगल्यातल्या लोकांचा चहा होऊन भांडी घासून झालेली. एका बंगल्यात एक काकू व्हत्या, त्या दारातच उभ्या राहून आईला म्हणल्या, "या, बसा. आमच्याकडे चहा सकाळी घेतात, पण तुमच्यासाठी दुपारी घेऊ." आई घरी आली, डोक्याची चुंबळ भिंतीवर आपटली आन् म्हणली, "ती बाई हसत हसत मारते. अजून चार दिवस असंच चाललं तर रतीब गेला समजा."

मग आत्या माझ्याकडं बघायला लागली. मला अजून तिची नजर आठवती. म्हणली, "सायकल हाय, पोरगी हाय. दोघी भिंतीला टेकून उभ्या हायेत."

गावात तवर कुठल्या पोरीनं सायकल चालवलेली न्हवती. शिकवायला आत्याच. तिनं जन्मात सायकलला हात लावलेला न्हवता, पण ती म्हणायची, रेडकू धरता येतं तर हे का न्हाई. खळ्यात मी परकर खोचून दांड्याखालनं पाय घालायचा, कैची मारायची, आन् आत्या मागं कॅरियर धरून पळायची. पळता पळता शिव्या. "समोर बघ की गं भवाने, चाकाकडं काय बघतीस, ते जातंय का पळून?" बांधावर माणसं जमायची. एकानं आईला विचारलंच, "वहिनी, पोरीला सर्कशीत घालायची का?" आई म्हणली, "घालू की. तुम्ही माकड म्हणून येताय का?" तिसऱ्या दिवशी आत्यानं हात सोडला ते मला कळलंच न्हाई. मी खळ्याला चार फेऱ्या मारल्या, मग मागं बघितलं, आत्या लांब मेढीच्या खांबाला टेकून धापा टाकत व्हती. मी जी पडले! पण पडताना हसत पडले.

सायकलला ब्रेक न्हवते. म्हंजी दांड्या व्हत्या, रबर झिजून गेलेलं. दादा उताराला चपलेनं चाक दाबायचे. मला कैचीत पाय चाकापर्यंत पुरायचा न्हाई. त्यावर दादांनीच बाजेवरनं तोड सांगितली. बैलगाडी उताराला नेताना मागं ओंडका बांधतात, तसं घाणेरीचं चांगलं मोठं झुडूप तोडून कॅरियरला दोरीनं बांधायचं. उताराला ते फरफटत येतं आन् सायकल आवरून धरतं. आम्ही त्याला शेपटी म्हणायचो. चढाला सायकल हातात, माथ्यावर शेपटी बांधायची, आन् सुटायचं. पहिल्या दिवशी डोळे मिटले व्हते, खोटं कशाला बोलू. चाकाखाली खडी करकरायची, शेपटी मागं खर्रर करत यायची, आन् मोर ओरडत कडंनं उडायचे. खाली पोचले तवा तोंडभर धूळ, पण दूध वेळेवर गेलं. काकूंनी कॅनचं झाकण उघडून बघितलं. एवढं हिंदकळलेलं दूध, वर लोण्याचे कण तरंगत व्हते. म्हणल्या, "अरे वा, रतीबात लोणीसुद्धा? त्याचं वेगळं मागू नकोस हं."

आठवडाभर असं मजेत चाललं. आठव्या दिवशी गोठ्याच्या दारात खाकी कपड्यातला एक माणूस उभा. उंच, वाळका, हातात काठी. वनखात्याचे नवे गार्ड. लांब चांद्याच्या जंगलाकडचे व्हते, बदलून इकडं आलेले. कोथरूडच्या अंगाच्या उतारावर त्या पावसाळ्यात खात्यानं नवी रोपं लावली व्हती, त्यांची राखण यांच्याकडं. त्यांचं बोलणं आम्हाला पहिल्यांदा अर्धं कळलं न्हाई.

"सायकल कोनाची आहे वो ही?" म्हणले. "म्या या ओरखड्याच्या मागं मागं आलो. पूर्रा डोंगर चढलो, पूर्रा उतरलो, थेट तुमच्या गोठ्यात."

आम्ही सगळ्यांनी दाराबाहेर बघितलं. धुळीत शेपटीचा ओरखडा, डोंगरापासनं आमच्या उंबऱ्यापर्यंत, कुणी खराट्यानं वाट झाडून दिल्यासारखा. उतार संपला की शेपटी सोडून द्यायची हे कुणाला सुचलंच न्हवतं. चांगलं झुडूप कशाला टाका म्हणून मी ते रोज डोंगरावरनं परत येताना ओढत घरी आणायची, आन् आत्या ते वाळलं की चुलीला लावायची.

मी म्हणलं, सायकल मी चालवते. "अकरा रोपं उपटली माह्यी," गार्डमामा म्हणले. "मोजून अकरा. आमच्याकडे जंगलात वाघ राह्यते. तो बी झाडं नाही मोडत. अन् तुमच्या एका पोट्टीनं मोडून टाकली."

त्यांनी सायकलच्या हँडलला हात घातला. चौकीवर नेऊन कुलूप लावणार म्हणले. आई मधी पडली न्हाई, आत्या पडली न्हाई. दादा बाजेवरनं उठायला गेले, कामट्या कडकन वाजल्या आन् परत मागं पडले. तोंड पांढरं झालं. गार्डमामांनी ते बघितलं. त्यांचा हात हँडलवर तसाच, पण बोटं ढिली झाली.

मग आत्यानं त्यांना बसायला पाट दिला, बाजरीची भाकर, ठेचा आन् ताक दिलं. ते जेवले. जेवताना ठेच्यानं डोळ्यात पाणी आलं तर म्हणले, "तिखट तं आमच्याकडे बी खातो, पन हे तं वनवाच लावला." जेवून झाल्यावर माझ्याकडं वळले. "सरळ कायले उतरतं वो? सरळ उतरशीन तं मरशीन, अन् माह्यी झाडं बी मारशीन. वळत वळत उतर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उतारावर नेलं आन् काठीनं वाट आखून दिली. या अंगाकडनं त्या अंगाला, परत इकडं, अशी नागमोडी, रोपांच्या रांगांच्या मधनं. प्रत्येक वळणावर चुना लावलेला धोंडा, आन् धोंड्यामागं करंजाचं एक रोप. अकरा उपटली म्हणून अकरा. ती मी माझ्या हातानं लावली. ठरलं असं: खाली रोपवाटिकेच्या टाकीतनं येताना रिकामे कॅन भरायचे, चढताना अकराही रोपांना पाणी घालायचं. अकरातलं एक जरी वाळलं, न्हाईतर नवं एक जरी मोडलं, तर सायकल चौकीत. आन् रेंजर साहेबांच्या नजरेला पडायचं न्हाई, कारण बंद रानातनं सायकल जाऊ दिली म्हणून मामांचीच नोकरी गेली असती.

आत्याला पाण्याचं पटलं न्हाई. "दुधाच्या कॅनीत पाणी भरताना एकानं बघितलं तर सात पिढ्या बट्टा लागंल," म्हणायची. पण दुसरं भांडं सायकलवर मावत न्हवतं. मी भरायची. माणूस दिसलं की कॅनपुढं परकर पसरून उभी राहायची.

थंडी सगळी अशीच गेली. पायाला भेगा पडल्या, त्यात आई रात्रीचं मेण भरायची. हाताची कातडी हँडलला सोलून निघाली, मग घट्ट झाली. लोक आता विचारतात, त्रास झाला असंल ना आजी? झाला की. पण माथ्यावर पोचून शेपटी बांधून झाली आन् खाली सगळं धुकं, त्यात बंगल्यांची कौलं तेवढी वर आलेली, असं दिसलं की मला वाटायचं, हे बघायला गावातली दुसरी कुणी न्हाई. पहिलं वळण, दुसरं, अंग कुठं कलतं करायचं ते पायाला पाठ झालं. अकराच्या अकरा करंज जगले. त्यांना तांबूस कोवळी पानं फुटली तवा मी गार्डमामांना हाताला धरून दाखवायला नेलं. ते म्हणले, "ठीक आहे." पण त्या दिवशी त्यांनी मला चौकीत चहा दिला.

शिमगा आठवड्यावर आला तवाची गोष्ट. माथ्यावर पोचले, शेपटी बांधायला दोरी काढली तर दोरी वेगळीच. आमची केकताडाची चांगली दोरी न्हवती, जुन्या लुगड्याचा काठ व्हता, पीळ घातलेला. आत्यानं चांगली दोरी रेडकाला बांधली आन् मला हा काठ ठेवला. आमच्या घरात असंच व्हतं, जनावराला नवं, माणसाला जुनं. परत जायला वेळ न्हवता. बांधला काठ, निघाले.

तिसऱ्या वळणाला शेपटी धोंड्यात अडकली, काठ फाटला, आन् सायकल मोकळी सुटली. एकदम हलकी झाली, तोच लई वाईट अनुभव. चौथं वळण कसं घेतलं मला ठाऊक न्हाई. आन् तेवढ्यात खाली बघितलं तर उतार संपतो तिथं चार माणसं उभी. मधी टोपीवाला. कडंला गार्डमामा, काठी खाली पडलेली, दोन्ही हात डोक्यावर.

आता एकच सोपं व्हतं. वाट सोडायची आन् सरळ रोपांत घुसायचं. माती मऊ, खड्डे भुसभुशीत, पडले असते तर हाडं शाबूत राहिली असती. पण रोपं गेली असती, सायकल गेली असती, मामांची नोकरी गेली असती, आन् उद्या चहाला दूध न्हाई. एवढं सगळं मी तवा काय इचार केला न्हाई, उगा कशाला सांगू. मला फक्त करंज दिसत व्हते. एकाला वळसा घातला की पुढचा. पाचवा, सहावा. कॅन एकमेकांवर आदळत व्हते, पितळी घंटा बडवल्यासारखे. आठव्याला पाय घासला, अंगठ्याचं नख गेलं. दहाव्याला मी ओरडले, "सरकाऽऽ मामाऽऽ!" अकराव्याला वळसा घातला आन् पुढं वाटच न्हाई, सपाटी, आन् सपाटीवर पुढच्या खड्ड्यांसाठी आणलेला शेणखताचा ढीग. त्यात घातली. सायकल चाकापर्यंत गेली, मी कमरेपर्यंत. कॅन उभे राहिले. झाकणं आईनं फडकं घालून दाबून बसवलेली, थेंब सांडला न्हाई.

मग टोपीवाले, ते रेंजर साहेब, पुढं आले. पुण्याचे असावेत, शांत बोलत व्हते. म्हणले, "आपण कोण? खत तपासायला आलात का?"

मी म्हणलं, "दूध घेऊन चाललीय."

"वाट कुणी दिली?"

मी गार्डमामांकडं बघितलं न्हाई. "माझी मीच पाडली."

"साहेब, माह्यीच चूक आहे," गार्डमामा मधीच म्हणले. "म्याच दिली वाट. तिचा बाप बाजीवर पडून आहे."

साहेबांनी उतारावर नजर फिरवली. धूळ अजून खाली बसत व्हती. "रोपं किती मोडली?"

गार्डमामा वर चढत गेले, अकराव्यापासनं पहिल्यापर्यंत. आम्ही खाली उभे. माझ्या अंगाला खताचा वास, आन् साहेबांच्या बाजूचा कारकून नाकाला रुमाल लावून. मामांनी वरनं हाक दिली, "एक बी नाही साहेब! एक बी नाही!"

साहेब जवळच्या करंजापाशी वाकले. बुडाची माती बोटानं उकरली. आतनं ओल व्हती. शिमग्याला तिथं ओल कुठली? त्यांनी विचारलं, पाणी कोण घालतं. आता मात्र माझी गाळण उडाली. आत्याचा बट्टा आठवला. पण खोटं बोलून पुढं काय सांगणार? म्हणलं, "मीच घालते. येताना. या कॅनमधनं."

साहेबांनी कॅनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "इतकी वर्षं नोकरी झाली," म्हणले, "पण दुधाच्या कॅनमध्ये पाणी घालते असं आपण होऊन सांगणारी गवळीण पहिल्यांदा भेटली."

कारकून हसला, मग सगळेच हसले. गार्डमामा वर वळणावर उभे, त्यांना काय झालं कळंना, तर ते पण हसायला लागले. साहेब जाताना फक्त दोन गोष्टी बोलले. मला म्हणले, "उद्यापासून ब्रेक लावून यायचं." आन् गार्डमामांना म्हणले, "ही वाट राहू द्या. पाणी देणारीची वाट म्हणून."

त्या दिवशी दूध चहाच्या वेळेला पोचलं. काकूंनी मला दारातच थांबवलं, वरनं खाली बघितलं आन् म्हणल्या, "कॅन तेवढे आत ठेव. तू बाहेरच राहा बाई." मग आतनं बादलीभर ऊन पाणी आणून दिलं, साबणाची वडी दिली, आन् मी पाय धूत व्हते तोवर अंगठ्याला हळद लावायला वाटी घेऊन उभ्या राहिल्या. तोंड चालूच व्हतं, पण वाटी धरून उभ्या राहिल्या.

घरी आले तर आत्यानं ऐकून घेतलं आन् तशीच गोठ्यात गेली. रेडकाची दोरी सोडून आणली आन् माझ्या पुढ्यात टाकली. दादांनी विचारलं, "दूध सांडलं का?" न्हाई म्हणलं. "मग बरं," म्हणले आन् कुशीवर वळले. पण दुपारी मी झोपून उठले तर दादा बाजेवर बसलेले, सायकल उलटी करून पुढ्यात घेतलेली. त्यांच्या स्वतःच्या चपलेचा तळ कापून त्याचं रबर ब्रेकला बसवत व्हते. उठून चालायला लागले तरी दादा पुष्कळ दिवस एका पायात तसलीच कापलेली चपल घालून हिंडले.

लग्न झालं, सायकल सुटली. त्याबद्दल मला काही म्हणायचं न्हाई. आता मी कोथरूडातच राहते, लिफ्टनं वर-खाली करते.

तर सायली. रविवारी पहाटं ती जाड चाकाची सायकल घेऊन जाते आन् चिखलानं माखून येते. एकदा मला मोबाईलमधी दाखवलं, कुठनं कुठं गेली त्याची रेघ. "आजी, हा ट्रेल बघ. आम्ही याला नागीण म्हणतो. डाऊनहिलला जाम मजा येते. कुणी बनवला कुणाला माहीत न्हाई." मी चष्मा लावला. वळणं मोजली. नऊ भरली. म्हणलं, "दोन कुठं गेली?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी ती मला घेऊन गेली, रिक्षानं पायथ्यापर्यंत, मग काठी टेकत. करंज केवढे झालेत! खाली सावली, जांभळट फुलांचा सडा. सायकलवाली पोरं शिट्ट्या मारत उतरत व्हती, पोरी पण व्हत्या, डोक्याला टोप्या, गुडघ्याला गाद्या. मला लई बरं वाटलं. बसून पोटभर बघितलं. दोन वळणं मात्र कुणीतरी वेळ वाचवायला सरळ तोडलीत. तिथं माती वाहून गेलीय, करंजांची मुळं उघडी पडलीत, त्यावरनं चाकं जातात. सायली म्हणली, "आजी, आम्हाला माहीतच न्हवतं गं." कसं माहीत असणार? चुन्याचे धोंडे कधीच गेले.

म्हणून हे लिहिलं. जे कुणी वाचाल आन् त्या डोंगरावर सायकल घेऊन जाल, त्यांनी एवढं करा. नागिणीला नऊ न्हाई, अकरा वळणं हायेत. जोरात जा, ओरडा, पडा, माझी काही हरकत न्हाई. फक्त झाडाला वळसा घालून जा. आन् घरी निघताना बाटलीत पाणी उरलं असंल, तर त्या दोन उघड्या करंजांच्या बुडाशी ओता.